बांदुरिया

साहेब म्हणाले, एका पानात बसव.
तेवीस वर्षांची नोकरी, सव्वीस नोंदवह्या,
त्यातल्या चार उंदरांनी आधीच वाचलेल्या.
लिलाव सोमवारी.

मी ताल्काउआनोच्या गोदीतला कारकून,
शाई आरमाराची, बोटं माझी.
लिहितो :
बांदुरिया. वाफेची युद्धनौका, सांगाडा लाकडी,
धुराडं एक, डोलकाठ्या तीन, तोफा सहा.
शिडंही होती, म्हणजे
वाफेवर कुणाचा पुरता भरवसा नव्हता,
वाऱ्यावर तर कुणाचाच नसतो.

नाव पक्ष्याचं.
पत्र्याच्या डब्यावर चमचा आपटावा तसा ओरडणारा,
चिखलात चोच खुपसून आळ्या शोधणारा.
लढाऊ जहाजाला हे नाव देणारा मंत्री
दक्षिणेकडचा असावा,
किंवा दमलेला.

पहिलं वर्ष बंदरातच.
दुसऱ्या वर्षी एका बिशपला बेटांवर नेलं,
बिशप सारी वाट कठड्याला धरून.
चौथ्यात दीपगृहाच्या राखणदाराचा पियानो.
(नोंद : पियानो भिजला. राखणदार रडला.
वारा नैर्ऋत्येचा.)
पुढं दोन वर्षं नुसती खोली मोजली,
शिशाची दोरी सोड, ओढ, लिही, सोड.
नकाशावरचे ते बारीक आकडे
हिच्याच खलाशांच्या सोललेल्या तळहातांचे.

नवव्या वर्षी उत्तरेत युद्ध पेटलं.
सगळी जहाजं गेली. हिचा बॉयलर गळका.
नळ्या बदलून, धापा टाकत ही पोचली
तेव्हा धक्क्यावर बँडवाले वाद्यं पुसत होते
आणि विजयाच्या पताका कुणीतरी
मोजून पेटीत परत भरत होतं.

तोफा किती वेळा उडाल्या, हा रकाना भरावाच लागतो.
दोनदा मोजलं. सलाम्या सोडून अकरा.
दहा सरावाचे, पाण्यावर सोडलेल्या एका पिंपावर.
पिंप वाचलं.
अकराव्याबद्दल वही इतकंच सांगते :
'पहाटे चार वीस. धुकं. एक बार. होडी परत.'

एउलोहिओ, तेव्हाचा भट्टीवाला,
आता गोदीच्या फाटकाशी कालवं विकतो.
विचारलं तर आधी त्यानं माझे पैसे मोजले.
मग म्हणाला,
'आम्ही खाली. वर काय चाललंय
ते आम्हाला पायांतून कळायचं.
तो बार तळव्यांनी ऐकला मी.
गोडं पाणी आणायला पाचजण गेलेले.
परत चौघंच चढले.
सेगुंदो लिंकोमान, सतरा वर्षांचं पोर,
म्हणालं, जवळच आहे की, पोहत जातो,
आणि उडी टाकली. आवाजाच्या दिशेनं.'
त्यानं एक कालव उघडलं, वास घेतला, फेकून दिलं.
'धुक्यात तोफेची हाक, लेका,
चहूकडून येते.'

वहीत होडी परत आली.
माणसं मोजायला रकाना नव्हता.

गिऱ्हाईक ठरल्यातच जमा आहे,
पुंता आरेनासचा कुणी कोळशाचा व्यापारी.
डोलकाठ्या छाटतील, इंजिन उपसतील,
सामुद्रधुनीत नांगरून ठेवतील तरंगती वखार म्हणून.
जिनं जन्मभर कोळसा खाल्ला
तिच्या पोटात कोळसा भरतील गळ्यापर्यंत,
दुसऱ्यांच्या भुकेसाठी.
तोफा वितळतील. भाव बरा आहे.

पान भरलं.
शिक्का आणि सही यांच्यामध्ये
एका ओळीची जागा उरली होती.
तिथं मी ते नाव लिहिलं,
बारीक, खोलीच्या आकड्याएवढं.

साहेब सही करताना
चष्मा लावत नाहीत.